बेवारस तिघांची सुटका

सोमवारी सकाळी तहसील कचेरी उघडली तेव्हा व्हरांड्यात प्राचीन काळातले तीन गुलाम उभे होते आणि त्यांना सुटका हवी होती. नायब तहसीलदार हेमलता उबाळे यांनी त्यांना आत घेतलं, बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

बेल्तानी बाबिलोनची होती. फेलिक्स रोमचा, नावाचा अर्थ भाग्यवान, पण नाव मालकाने ठेवलेलं. कण्हा त्यातल्या त्यात जवळची, सातवाहनांच्या वेळच्या पैठणातली. तिघंही स्वच्छ मराठी बोलत होते. समोरच्याची भाषा आली नाही तर गुलामाचं चालत नाही, असं फेलिक्सने सांगितलं.

"गुलामगिरी कायद्याने केव्हाच बंद झालीय," हेमलताबाई म्हणाल्या. "तुम्ही मोकळेच आहात."

"बंदी गुलाम ठेवणाऱ्यांवर आली," कण्हा शांतपणे म्हणाली. "मला सोडायला कुणी आलं नाही. ते मालकानेच करायचं असतं."

"मग मालक कुठंयत?"

"वारले. मागे कुणी नाही."

बाईंनी विचार केला. बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, आणि तहसीलदारसाहेब रजेवर असल्याने तालुक्यात सरकार म्हणजे त्याच होत्या. याचा अर्थ हे तिघं आता त्यांचे होते. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "रज्जाकभाई," त्यांनी शिपायाला हाक मारली, "हे आजच उरकायचं."

बाबिलोनात गुलामाचं कपाळ धुऊन त्याला सूर्याकडे तोंड करून उभं करत. बाईंनी ओल्या रुमालाने बेल्तानीचं कपाळ पुसलं आणि तिला आवारात नेऊन उभं केलं. ती थोडा वेळ डोळे बारीक करून वर बघत राहिली, मग फाटकातून निघून गेली. रोमला अधिकाऱ्यासमोर गुलामाच्या अंगाला काठी टेकवायची आणि मालकाने माणसाला गर्रकन फिरवून सोडून द्यायचं. अधिकारी आणि मालक, दोन्ही बाई स्वतःच होत्या. मोजणीच्या काठीवर काम भागलं. फेलिक्स फिरला तो दाराकडे तोंड करूनच थांबला, आणि चालू लागला.

कण्हाचं मात्र अडलं. दासीच्या खांद्यावरचं भरलेलं मडकं मालकाने उतरवून फोडायचं, डोक्यावर अक्षता-फुलांचं पाणी शिंपडायचं आणि तीनदा म्हणायचं की तू दासी नाहीस. मडकी मंगळवारच्या बाजारातच मिळत. तेव्हा त्या संध्याकाळी कण्हा बाईंबरोबर घरी गेली.

"तू पाहुणी आहेस, कशाला हात लावायचा नाही," बाईंनी बजावलं. कण्हाने मान डोलावली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. बाई एकट्या राहत. गरम भाकरी कुणी ताटात वाढल्याला वर्षं झाली होती. त्या दोन घास जास्त जेवल्या. सकाळी पाणी गरम होतं, साडीला इस्त्री होती, आणि बाईंनी मागे न बघता हात पुढे केला तेव्हा चहाचा कप बरोबर हातात आला.

कचेरीत पोचल्यावर रज्जाकभाई म्हणाले, "बाई, बाजार भरलाय. मडकं आणू ना?"

"आज गर्दी असेल हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी बघू."

कण्हाने बाईंची पर्स कपाटात ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. हे वाक्य तिने याआधीही ऐकलेलं दिसत होतं. बाईंनी तो चेहरा बघितला. त्या तडक उठल्या, उन्हात चालत बाजारात गेल्या आणि मडकं स्वतःच्या कमरेवर घेऊन आल्या.

आवारात कामासाठी आलेली माणसं बाजूला सरकली. बाईंनी भरलेलं मडकं कण्हाच्या खांद्यावर ठेवलं, लगेच उतरवलं आणि फरशीवर आपटलं. मग तिच्या डोक्यावर अक्षता-फुलांचं पाणी शिंपडलं. "तू दासी नाहीस," त्या म्हणाल्या, आणि आणखी दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा आवाज नीट फुटला नाही, पण रज्जाकभाईंनी चालेल म्हटलं.

कण्हा आत आली आणि अभ्यागतांच्या बाकावर आडवी झाली. भर दुपारी, पाय पसरून, ती झोपली. लोक उभ्यानेच थांबले.

कचेरी बंद करायची वेळ झाली. बाईंनी वाकून तिला हलवलं. "कण्हाबाई, उठता का? कुलूप लावायचंय."

कण्हाने डोळे उघडले.

"नाही," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

हेमलताबाईंनी पंखा एक नंबरने वाढवला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या.