बिनवासाचं तेल

बुधवारी सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतोय न उतरतोय, तोच बाबालाल आतारांच्या मागच्या खोलीतलं दगड घोटायचं मशीन किंचाळायला लागलं. आणि शबनूरचा साखरपुडा होता रविवारी.

आता मशीनचा आणि साखरपुड्याचा संबंध काय, ते आधी सांगायला हवं. पौडच्या बाजारात आतारांचं दुकान. अत्तर, सुरमा, लोबान, सुगंधी तेलं आणि अकीकच्या अंगठ्या. गेल्या वर्षी लेकीनं, म्हणजे शबनूरनं, वडलांना हे मशीन मागवून दिलं. दोन रोलर, त्यांच्यावर आडवा रबरी डबा, डब्यात दगड, पाणी आणि घोटायची भुकटी. डबा रात्रंदिवस फिरत राहतो आणि महिन्याभरानं ओबडधोबड खडा आरशासारखा होऊन बाहेर येतो. ताम्हिणीच्या ओढ्यात बाबालालना धुरकट रंगाचा एक अकीक सापडला होता; तोच गेले तीन-साडेतीन आठवडे डब्यात फिरत होता. "जावयाच्या अंगठीत ह्योच खडा बसंल, माज्या हातानं घोटलेला," असं ते व्याह्यांसमोर छाती फुगवून बोलून बसले होते. शनिवारी तो खडा चंद्रकांत सोनाराच्या हातात पडायलाच हवा होता. मधेच मशीन बंद पडलं तर चारचौघांत नाक कापलं जाणार होतं. आणि आताराला नाकापेक्षा मोठं काय असतं हो?

जावई मात्र बाबालालच्या मनात पुरता भरला नव्हता. अतीक मारुंजीचा, हिंजवडीतल्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. व्यसन नाही, बडबड नाही, उलट बोलणं नाही.

"सगळं हाय, पण पोराला वासच न्हाई," बाबालाल कुरकुरायचे. "शेजारी बसला तरी कुनी बसलंय असं वाटत न्हाई."

"अवो, लेकीला नांदायचंय त्याच्यासंगं," त्यांची बायको सुलताना म्हणायची. "तुमाला हुंगायचं न्हाई."

पण चार पिढ्या अत्तर विकलेल्या घराण्यातला माणूस तो. माणूस असो की खरबूज, आधी हुंगायचं, मग बोलायचं.

तर मशीन किंचाळलं आणि बाबालालनी शबनूरला ऑफिसात फोन लावला.

"अब्बा, मशीनसोबत आलेल्या कागदावर सगळं लिहिलंय. पातळ मशीनचं तेल, एकच थेंब, फक्त बेअरिंगला. रोलरवर अजिबात सांडू देऊ नका."

"तेलाचं मला शिकवतीस व्हय गं? आताराच्या घरात जलमून?"

तरीही ते राजूच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. राजूनं चार बाटल्या पुढं मांडल्या. बाबालालनी पहिल्या बाटलीतलं तेल बोटानं मनगटाला लावलं, मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"ह्यो जळका वास."

"चाचा, इंजिन ऑइल हाय त्ये."

"ह्याला घासलेटाचा वास. आन् ह्याला तर मेल्या उंदराचा."

"आवो, मशीनला काय नाक हाय का?"

"घराला हाय! रविवारी पावणे येणार, तवा घरात गॅरेजचा वास सोडू?"

शेवटची बाटली शिवणयंत्राच्या तेलाची, एवढीशी. ती बाबालालनी तीनदा हुंगली. "ह्याला वासच न्हाई. पानी इकतोस व्हय रं?" असं म्हणून ते रिकाम्या हातानं घरी आले आणि स्वतःच्या दुकानातलं मोगऱ्याचं तेल काढलं. अस्सल तिळाचं, केसांना लावायचं.

एक थेंब घातला. किंचाळणं निम्मं झालं. एका थेंबानं एवढा गुण, तर वाटीभरानं किती! बाबालालनी सढळ हातानं धार सोडली. मशीनचं तोंड बंद झालं. अल्लाचे आभार मानून ते दुकानात जाऊन बसले.

तासाभरानं सुलताना दारात आली. "अवो, मशीन गप झालंय."

"व्हायलाच पायजे. आताराचं तेल हाय."

"डबा बी गप झालाय."

बाबालाल धावले. खाली रोलर गरागरा फिरत होते आणि वर डबा दुपारची झोप काढत होता. तेल रोलरवर पसरलं होतं. त्यांनी फडक्यानं पुसलं, तरी ओशटपणा जाईना. मग तेल शोषून घ्यायला गुलाबाच्या वासाची पावडर फासली. डबा आता जागचा हलेचना! काहीतरी चिकट हवं, म्हणून त्यांनी लोबान कुटून रोलरवर दाबला. डबा दोन फेऱ्या फिरला, थांबला, आणि लोबानचा भुगा तापलेल्या मोटरवर सांडून खोलीभर धूर झाला.

मोगरा, गुलाब आणि लोबान, तिन्ही वास हातात हात घालून खिडकीतून गल्लीत उतरले. असा वास आताराच्या घरातून कधी येतो? कार्य असलं की. पाच मिनिटांत शेजारचा भैरू धुतलेला शर्ट घालून हजर. मागं त्याची बायको सगुणाबाई नारळ घेऊन.

"बाबालालशेट, साखरपुडा आजच उरकताय व्हय? शेजाऱ्याला न्हाई सांगायचं?"

त्यांच्यामागं गल्लीतल्या तुळजाबाई आल्या, नातवंडांसकट. दारात आलेल्या माणसाला सुलताना कशी परत पाठवणार? तिनं शिऱ्याला रवा भाजायला घेतला. आणि याच घोळक्यात, बोटाचं माप द्यायला म्हणून, कामाच्या कपड्यांत अतीक येऊन उभा राहिला. शिरा खाणारी माणसं बघून त्याचा चेहरा उतरला.

"चाची... साखरपुडा आज होता का?"

"न्हाई रं बाबा," सुलतानानं कपाळाला हात लावला. "मागं जा. तुजं चाचा तितं बसल्यात."

बाबालाल धुरात बसले होते, डोळ्यांत पाणी. ते लोबानचं होतं, असं ते म्हणाले.

"चाचा, कुठलं तेल घातलंत?"

बाबालालनी तोंड फिरवलं. मग बारीक आवाजात उत्तर आलं, "मोगरा."

अतीक हसला नाही. बाबालालनी ते नीट बघून ठेवलं. पोरानं बाह्या सरसावल्या, रोलर काढून भांड्याच्या साबणानं धुतले, कोरडे केले. सुलतानाच्या शिलाई मशीनच्या खणातून तेलाची बुधली मागून घेतली आणि प्रत्येक बेअरिंगला एकेक थेंब सोडला. डबा फिरायला लागला.

बाबालालनी बुधली हुंगली. तेच, राजूकडचं. "ह्याला तर वासच न्हाई रं."

"बरंच की, चाचा. लिफ्टमधी वास यायला लागला की आमी पळत सुटतो. वास आला म्हंजी कायतरी जळतंय."

बाबालाल पोराकडं बघत राहिले. मग गडबडीनं त्यांनी सोनाराच्या मापाच्या अंगठ्यांचा जुडगा पुढं केला. अतीकचे हात तसेच तेलकट. एक अंगठी सुर्रकन बोटात गेली आणि तोच नंबर चंद्रकांत सोनाराला कळवला.

शनिवारी डबा उघडला. धुरकट खड्यात पांढरा ढग, आणि वर अशी झिलई की बाबालालना त्यात स्वतःची दाढी दिसली. ते गल्लीभर तो खडा दाखवत हिंडले आणि मग सोनाराकडं पोचते झाले.

रविवारी घर माणसांनी भरलं. बाबालालनी सगळ्यांसमोर अंगठी जावयाच्या बोटात सारली. ती मधल्या पेरापाशी अडकली. पुन्हा सारली. हलेना. व्याह्यांकडची कुजबुज थांबली. अतीकच्या कपाळावर घाम आला. शबनूरनं खाली मान घातली.

"साबण लावा."

"खोबरेल आणा की!"

"आवो, आताराच्या घरात तेलाला काय तोटा?" भैरू ओरडला. "मोगऱ्याचं घ्या!"

"मोगऱ्याचं नाव काढू नगंस!" बाबालाल गरजले. मग मागं वळून हळू आवाजात म्हणाले, "सुलताना, तुज्या मशीनच्या खणातलं आण. त्ये बिनवासाचं."

बुधली आली. एकच थेंब. अंगठी अलगद जागेवर जाऊन बसली, खडा चमकला, आणि घरभर "मुबारक, मुबारक" झालं.

बाबालालनी जावयाला छातीशी धरलं आणि एकदम नाक फेंदारलं. पुन्हा हुंगलं.

"अत्तर लावलंयस?"

"व्हय, अब्बा," अतीक लाजत म्हणाला. "तुमाला आवडतं म्हणून. जरा जास्तच लागलं."

"जा, धुऊन ये बाबा," बाबालाल त्याच्या कानात म्हणाले. "मला वाटलं, कायतरी जळतंय."