बरणीतला शब्द

संस्था विश्वासावर चालते. आणि ज्या संस्थेत सगळेच चोर असतात, तिला तो जरा जास्तच लागतो. म्हणून चोरांच्या महामंडळात भरती होताना शब्द द्यावा लागे. खरोखरचा. उमेदवार बरणीत तोंड घालून एक शब्द उच्चारी, मांत्रिक झटकन झाकण लावी आणि शब्द मंडळाकडे तारण राही. (वापरायची मुभा असे, मालकी मंडळाची.) कुणी फितूर झालाच, तर भर सभेत बरणी फोडत. शब्द जिभेवरून कायमचा जाई. रक्त नाही, फरशी पुसणं नाही. इतकी सभ्य शिक्षा राजाच्या न्यायालयातही नव्हती.

एकाचं 'पाणी' गेलं. तो उन्हाळाभर घसा दाखवत फिरला. दुसऱ्याचा 'देवा' गेला. तेव्हापासून ठेच लागली की तो 'अरे' म्हणून नुसताच ताटकळे. मग चलाख उमेदवार 'किंकर्तव्यमूढ' असले शब्द देऊन मोकळे होऊ लागले, तेव्हा नियम बदलला: शब्द घरच्यांनी निवडायचा. बायकांनी उत्साहानं सहकार्य केलं.

बरण्या सांभाळणारे बरणीवाले फार सचोटीचे. मंडळाची एक वस्तू त्यांनी कधी घरी नेली नव्हती (हे गैरवर्तनच, पण चालवून घेत). अशा माणसाचा सख्खा मेहुणा फितूर निघाला. मंडळानं ड्रॅगनची अंडी पळवली होती. त्यांची आई हंबरडा फोडत घरांची छपरं हुंगत फिरू लागली. मेहुण्याला ते बघवेना. यानं तिला पत्ता सांगितला.

मेहुण्यानं दिलेला शब्द होता 'ताई'.

"अहो, माझ्या भावानं मला हाक काय मारायची?" बायको म्हणाली.

"नियम आहे."

"मग मीही तुम्हाला 'अहो' म्हणायची नाही. 'ओ बरणीवाले' म्हणेन. चारचौघांत!"

बरणीवाल्यांनी रीतसर विचार केला. मेहुण्याच्या जागी परक्याची बरणी फोडू देणं म्हणजे चोरी. ती रक्तातच नव्हती. आपला शब्द तर एवढासा, गेला तर गेला. नावं झाकणांवर असत. सभेआधी त्यांनी झटकन झाकणांची अदलाबदल करून मेहुण्याचं झाकण आपल्या बरणीला लावलं.

बरणी फुटली. म्होरक्यानं बरणीवाल्यांच्या बायकोकडे बोट दाखवलं. "ही तुझी कोण रे?"

मेहुण्यानं तोंड उघडलं, मिटलं, डोळ्यांत पाणी आणलं. "ही... आमच्या भावजींची बायको."

सभा हळहळली. एका खिसेकापूनं डोळे पुसले, तेही चक्क स्वतःच्या रुमालानं.

"वा, बरणीवाले! घरच्यांचीही गय नाही!" म्होरक्या खूश झाला. "आता सुट्टीच्या दिवशीही बरण्यांची फडताळं तुम्हीच बघाल ना?"

बरणीवाल्यांनी तोंड उघडलं. बराच वेळ ते उघडंच राहिलं.

"हो," ते म्हणाले.

"आणि माझ्या भाच्याच्या वाट्याचं कामही?"

"हो."

घरी बायकोनं सहज विचारलं, "गळकं छप्पर याच आठवड्यात शाकारता ना?"

"हो."

ती चपापली. बरणीवाल्यांसाठी तिनंच निवडलेला शब्द 'नाही' होता. घरात तोच जास्त ऐकू येई. कुठली बरणी फुटली ते तिला कळलं. तिनं पुढे काहीच मागितलं नाही. पान वाढलं आणि फार मऊ आवाजात "अहो" म्हणाली.

ते महामंडळ पुढे बंद पडलं म्हणतात. पडलं असेल. पण साहेबांनी परवा "रविवारी जरा येऊन जाता का?" म्हणून विचारलं, तेव्हा तुम्हीही तोंड उघडलं होतंत. त्यातून काय बाहेर पडलं ते आठवा. आणि नोकरीला लागताना कुठल्या बरणीत डोकावला होतात, तेही.