तपासनीस साहेबांनी गॅलरीत कोबी उगवविला त्याची हकीकत

खाशांची आज्ञा जाहली जे, आमच्या गॅलरीच्या मोहिमेचे साद्यंत वर्तमान लिहोन ठेवावे, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आज्ञा शिरसावंद्य. परंतु खरे लिहावे तर साहेब रागावतात, आणि साहेबांस रुचेल ते लिहावे तर बाईसाहेब हसतात, आणि बाईसाहेबांचे हसणे साहेबांच्या रागाहून जबर, हे या घरी भिंतींसही ठाऊक; म्हणोन पुरता विचार करोन जैसे घडले तैसेच लिहिले आहे. वाचणाराने पदरचा मीठमसाला घालू नये. घालण्यास जागा उरलेली नाही.

साहेब म्हणजे कोण, तर बत्तीस वर्षे शाळा-तपासनीस, शेरेबहाद्दर, तांबड्या शाईचे धनी, ज्यांची गाडी फाटकात शिरली म्हणजे मुख्याध्यापकांचे हातपाय गळावे आणि मास्तर लोकांनी पुसलेला फळा पुन्हा पुसावा. साहेबांनी वर्गात यावे, टाचणवही मागावी, आणि मास्तराने कितीही जीव तोडोन शिकविले तरी 'असमाधानकारक' ऐसा शेरा मारोन, चहा पिवोन, पुढील शाळेवर कूच करावे. ऐसा अंमल बत्तीस वर्षे चालिला. मग सेवानिवृत्ती जाहली, निरोपाची भाषणे जाहली, आणि दुसरे दिवशी सकाळी आठ वाजता साहेब बूट घालोन दारात उभे राहिले आणि जावे कोठे ते कळेना. घरी तपासावे ऐसे काय, तर एक बाईसाहेब. आणि त्यांची तपासणी करण्याची छाती उभ्या संसारात जाहली नाही, ती आता कोठोन व्हावी?

ऐसे बेकार असता थंडीचे दिवस तोंडावर आले, आणि एके रविवारी बाईसाहेबांचे धाकटे बंधू, जे विमे विकतात आणि मोठ्याने हसतात, ते जेवावयास आले. तो फ्लॉवरच्या भाजीत अळी निघाली. ती साहेबांच्याच पानात निघाली, हा दैवाचा इशारा समजोन साहेबांनी हातातील घास ठेविला आणि जाहीर केले जे, यंदा थंडीत फ्लॉवर, कोबी आणि नवलकोल या घरी बाजारातोन येणार नाही. आम्ही खासा गॅलरीत बी पेरोन, रोपे करोन, पिकवू. ते ऐकोन मेहुण्यांच्या नाकात पाणी गेले.

"भाऊजी," मेहुणे ठसका आवरीत बोलले, "तुम्ही आजवर कोथिंबीर तरी निवडलीय का हो?"

हा बोल साहेबांच्या वर्मी लागला. परंतु खरा पेच निराळाच होता. त्या घरी ऊन येते ते एकाच मुलखी, म्हणजे गॅलरीत, सकाळी आठ ते अकरा. आणि बाईसाहेबांचे गुडघे थंडीत आखडतात. साहेब घरी बसले म्हणजे धावपळ सरेल, मग आपण वेताची खुर्ची त्या उन्हात टाकोन पाय शेकीत बसावे, हा मनसुबा बाईसाहेबांनी तीन वर्षे मनात धरिला होता. त्याच जागेवर आता साहेब मोर्चे लावणार. तेव्हा हुजुरांतोन फर्मान सुटले, ते जैसे सुटले तैसे लिहितो.

"पंधरा दिवस घ्या," बाईसाहेब म्हणाल्या. "पंधरा दिवसांत काही उगवलं तर थंडी संपेपर्यंत गॅलरी तुमची. नाही उगवलं तर सगळा पसारा उचलायचा, माझी खुर्ची तिथे येणार, आणि त्यानंतर मला कशातलंही काही शिकवायचं नाही."

साहेबांनी शर्त मान्य केली. मेहुणे साक्षी राहिले, आणि पंधरावे दिवशी निकाल ऐकावयास जेवायलाच येतो म्हणोन कबूल करोन गेले.

दुसरे दिवशी साहेबांची स्वारी रोपवाटिकेवर गेली, आणि पन्नास-पन्नास कप्प्यांचे चार काळे ट्रे, गांडूळखताची पिशवी, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या दाबलेल्या भुश्याची, वीट एक, फवारणीची बाटली एक आणि बियांची तीन पाकिटे ऐसा सरंजाम घेवोन आली. रोपवाटिकेच्या माळ्याने सांगितले होते की वीट मोठ्या टबात भिजवा, फार फुगते. परंतु माळ्याने साहेबांस शिकवावे हे रीतीस सोडोन. म्हणोन साहेबांनी ती अंघोळीच्या बादलीत घातिली, वर पाणी ओतिले आणि वर्तमानपत्र वाचीत बसले. मग वीट फुगली, आणि फुगोन बादलीच्या काठास आली, आणि काठ ओलांडोन न्हाणीघरात उतरली, आणि मोरीचे तोंड तिने बंद केले. बाईसाहेबांनी दार उघडिले, पाहिले, आणि लोटोन घेतले. त्या दिवशी घरात कोणाची अंघोळ जाहली नाही.

मग पेरणी जाहली. बी मोहरीएवढे, साहेबांची बोटे जाड आणि चष्मा जुना. तरी एक कप्पा एक बी ऐसे दीडशे बी तीन ट्रेमध्ये नेमिले. चौथा ट्रे राखीव फौज म्हणोन चपलांच्या मांडणीमागे ठेविला. येथवर ठीक. येथेच हात धुवोन साहेब गप्प बसते तर ही हकीकत चार ओळींत आटोपती. परंतु ज्याने बत्तीस वर्षे गप्प बसण्याचा सराव केला नाही त्याने एकाएकी कैसे बसावे? साहेबांनी कपाटातोन कोरी नोंदवही काढिली, तिला पट्टीने रकाने आखिले, आणि हरएक बियास हजेरी क्रमांक दिला. रकाने येणेप्रमाणे: क्रमांक, जात, पेरणीची तारीख, प्रगती, शेरा, आणि शेवटी तपासनिसाची सही.

आणि तपासणी सुरू जाहली. रोज सकाळी आठास साहेबांनी इस्त्रीचा सदरा घालोन गॅलरीत दाखल व्हावे, दात कोरण्याच्या काडीने कप्पा उकरावा, बी वर काढावे, तळहातावर घेवोन भिंगाने पाहावे, 'प्रगती नाही' ऐसे लिहावे आणि बी पुन्हा पुरोन पुढील कप्प्यावर चाल करावी. ऐसे दीडशे कप्पे, दोन तास, एकही खाडा नाही. चौथे दिवशी कोबीच्या सतरा नंबराने दोऱ्याएवढे पांढरे मूळ बाहेर काढिले. साहेबांस आनंद मावेना. त्यांनी ते मूळ दोन्ही बाजूंनी पाहिले, पट्टीने मोजिले, 'आशादायक' ऐसा शेरा दिला, जो बत्तीस वर्षांत कोण्या मास्तरास मिळाला नव्हता, आणि बी उलटे पुरिले. पाचवे दिवशी आशा कितपत वाढली हे पाहण्यास पुन्हा उकरिले तो मूळ मोडले. मग सतरा नंबरापुढे 'बेशिस्त' ऐसे लिहिले गेले. अहो, बी म्हणजे काय मास्तर आहे, की साहेब आले म्हणोन उठोन उभे राहावे?

सहावे दिवशी साहेब पाकिटे हाती घेवोन रोपवाटिकेवर चालोन गेले आणि माळ्यास, बियाणे निकृष्ट का दिले याचा खुलासा लेखी द्यावा, ऐसे फर्माविले. माळी कुंडीत माती भरीत होता. त्याने मान वर न करिता विचारिले.

"साहेब, उकरून बघता का हो?"

"उकरत नाही. तपासणी करतो."

"रोज?"

"अर्थात रोज. नियमितपणा नको?"

"मग नाही उगवायचं," माळी म्हणाला, आणि दुसरी कुंडी घेतली.

ऐसा उद्धटपणा साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. घरी येवोन त्यांनी सर्व प्रकार बाईसाहेबांपुढे मांडिला, आणि माळी लोक किती अडाणी, आणि आपण त्यास काय काय सुनावणार होतो, आणि गर्दी होती म्हणोन कैसे सोडिले, हे तीनदा सांगितले. बाईसाहेब शेंगा सोलीत ऐकत होत्या. त्यांनी हूं म्हटले. आणि साहेब दुपारची वामकुक्षी घेण्यास गेले तो बाईसाहेब उठल्या, चपलांच्या मांडणीमागोन राखीव ट्रे काढिला, उरलेले कोकोपीट भरिले, पाकिटांच्या तळाशी राहिलेले बी घेतले, आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने पन्नास खळगे करोन, त्यांत एकेक टाकोन, पाणी शिंपडोन, वर जुने वर्तमानपत्र घातिले. सर्व कामास बारा मिनिटे लागली. मग तो ट्रे स्वयंपाकघरात भांडी घासण्याच्या जागेवरील खिडकीत ठेविला, जो मुलूख साहेबांनी लग्नापासोन आजवर पाहिला नव्हता, आणि त्या त्याविषयी चार दिवस साफ विसरोन गेल्या. पाचवे दिवशी कागद उचलिला. हिरवे दिसले. कागद काढोन टाकिला, पाणी शिंपडिले, आणि भांडी घासावयास लागल्या.

इकडे गॅलरीत रोज दोन तास तपासणी चालूच होती.

मग पंधरावा दिवस उगवला. दुसरे काही उगवले नाही. मेहुणे दहा वाजताच हजर जाहले, कारण जेवण दुपारी एक वाजता असले तरी अपमान लवकर सुरू होतो. त्यांनी तिन्ही ट्रे वाकोन पाहिले, प्रत्येक कप्प्यात नाक घातिले, आणि म्हणाले, "भाऊजी, माती मात्र झकास आलीय हं!" आणि आपल्याच बोलावर इतके हसले की समोरच्या इमारतीत कोणी खिडकी उघडिली. बाईसाहेबांनी वेताची खुर्ची आणिली, पायाने ट्रे बाजूस सारिले, उन्हात बसल्या आणि डोळे मिटिले.

"ताई, चहा कर ना," मेहुणे म्हणाले.

"मी उन्हात बसलेय," बाईसाहेब म्हणाल्या.

"मग भाऊजी करतील. हरलेल्याने चहा करायचा!"

येणेप्रमाणे साहेबांची स्वारी प्रथमच स्वयंपाकघरावर गेली. गॅस पेटविता तीन काड्या गेल्या. आधण चढविले, आणि साखर शोधता डाळ सापडली, आणि चहापत्ती शोधता ओवा सापडला, आणि साहेब हताश होवोन वर पाहतात तो खिडकीत ट्रे.

साहेबांनी प्रथम मोजणी केली. पन्नास कप्पे, सेहेचाळीस हजर. प्रत्येकास दोन-दोन हिरवी पाने, आणि काहींच्या मध्ये तिसरे पान नुकतेच डोके काढीत होते. साहेबांचा हात सवयीने खिशात गेला, दात कोरण्याची काडी बाहेर आली, पहिल्या कप्प्यावर पोहोचली, आणि तेथे थांबली. पाण्यास उकळी फुटली आणि ते निम्मे आटले. तितका वेळ साहेब तैसेच उभे होते. मग त्यांनी ती काडी मोडोन केराच्या डब्यात टाकिली. आणि साहेबांस रडू आले. हे लिहू नये ऐसी ताकीद आहे. लिहिले.

मग ट्रे दोन्ही हातांनी धरोन साहेब गॅलरीत आले. मेहुण्यांचे हसणे मध्येच तुटले.

"हे... हे कुणी लावलं?"

साहेबांनी तोंड उघडिले. 'मी' हा शब्द त्यांच्या जिभेवर बत्तीस वर्षे सदा तयार असे. या समयी तो निघेना. इतक्यात खुर्चीतोन, डोळे न उघडिता, उत्तर आले.

"त्यांनीच. थंडी लागू नये म्हणून आत उबेला ठेवलं होतं."

मेहुण्यांचा चेहरा पडला. त्यांनी अर्धाच कप चहा घेतला, जेवण मात्र दुप्पट घेतले, आणि विम्याचे काम निघाले म्हणोन लवकर गेले. दार लागताच साहेबांनी बाईसाहेबांस विचारिले जे, खोटे का बोललीस? आपली खुर्ची घालवोन माझी बाजू का राखिलीस?

"भावाने तुम्हाला हसलेलं मला चालत नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "मी हसले तर गोष्ट वेगळी." आणि हसल्या, आणि गॅलरीतील खुर्ची उचलावयास गेल्या. "घ्या. उगवलंय ना? शब्द म्हणजे शब्द. गॅलरी तुमची."

साहेबांनी खुर्ची त्यांच्या हातातोन घेतली, पुन्हा होती तेथेच मांडिली, आणि म्हणाले, "बस. रोपं कठड्यावर मावतात."

तह येणेप्रमाणे ठरला: रोपांनी कठड्यावर राहावे, बाईसाहेबांनी खुर्चीवर राहावे, साहेबांनी पाणी घालावे, आणि मातीत काडी, पेन्सिल, बोट अथवा कोणतेही हत्यार घालू नये.

मग साहेबांनी नोंदवही उघडोन दीडशे क्रमांकांवर आडवी रेघ ओढिली, खाली सेहेचाळीस रोपे दाखल केली, मोहीम फत्ते जाहली ऐसे तांबड्या शाईने लिहिले, आणि साक्षीस सही द्यावी म्हणोन वही बाईसाहेबांपुढे ठेविली. बाईसाहेबांनी चष्मा लाविला, सर्व पाने सावकाश वाचिली, सतरा नंबरावर थांबोन मान हलविली, आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या हाताने लिहिले: 'रोपं समाधानकारक. चहा पुन्हा करून दाखवावा.' आणि जेथे तपासनिसाची सही, तेथे सही केली.

साहेबांची तपासणी कोणी करावी हा प्रसंग प्रथमच. त्यांनी शेरा दोनदा वाचिला आणि वही मिटिली. आणि दुसरे दिवशी सकाळी आठ वाजता, जी वेळ बूट घालोन दारात उभे राहण्याची, त्या वेळी साहेबांनी गॅस पेटविला. एका काडीत पेटला. हा फत्तेनामा येथे पुरा केला.