मोहोरकाळातील मोटारीची निगा

वस्तू माणसासाठी असते, हा समज काही लोकांत अजून टिकून आहे. ज्यानं आयुष्यात एकदा तरी चांगली वस्तू विकत घेतली, त्याला खरा क्रम ठाऊक असतो.

बदलापूरचे शरदचंद्र कर्णिक अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. १९५३ साली त्यांनी एक जुनी, पण तकतकीत काळी मोटार घेतली. (कारण: पत्नी कुमुदिनीबाईंचे दिवस फाल्गुनात भरत होते आणि डॉक्टरीणबाई होत्या कल्याणला.) रंग टिकावा म्हणून त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्पातून मेणाचा विलायती लेप आणून मोटारीला चढवला. डबा देताना दुकानदारानं बजावलं, "साईं, गाडी धूप में मत रखना. और सूखा कपड़ा कभी मत मारना, लकीर पड़ेगी."

शरदचंद्र शब्दाला जागणारे. मोटार सावलीत ठेवणं आलं, आणि अंगणात सावली एकाच आंब्याची. आंब्याला मोहोर आला की त्याची पिवळी भुकटी खाली जे असेल त्यावर पडते. ती कोरडी पुसायची नाही. म्हणून आधी टपावरून पाण्याची हलकी धार, मग साबणाचा फेस, मग कुमुदिनीबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा, वरून खाली, एकाच दिशेनं. (चाकांचं फडकं वेगळं. ते चुकून टपाला लागल्यास दोन्ही फडकी बाद.) ओली मोटार उन्हात न्यायची नाही, म्हणून ती आंब्याखालीच वाळायची. वाळेपर्यंत नवी भुकटी पडलेली असे. भुकटीसकट रस्त्यावर काढली तर ओरखडे उठणार. सबब पुन्हा धार.

या पद्धतीत कुठंही चूक काढता येत नाही. मोहोर आल्यापासून मोटार जागची हलली नाही आणि लेप नव्यासारखा राहिला. शरदचंद्र कारखान्यात सायकलनं जात.

फाल्गुनात एका सकाळी कुमुदिनीबाईंना कळा सुरू झाल्या. पिशवी घेऊन त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. शरदचंद्रांच्या हातात बादली होती.

"अहो, चला ना!"

"एवढं बॉनेट होऊ दे. फेस वाळला तर डाग राहतील."

"मला सोसवत नाही हो आता."

"आलोच. काच वर कर, पाणी आत जाईल."

बाईंनी काच वर केली. मला त्यांची फार दया येते. पण पद्धतीला दयेशी कर्तव्य नसतं.

ओरडणं ऐकून शेजारच्या सगुणाबाई सुईण धावत आल्या. दार उघडून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कंचा डाक्टर नि कंचा कल्यान! बाय, हालू नको. प्वार थांबनार नाय."

मुलगी मोटारीतच झाली. रडणं ऐकू आलं तेव्हा डाव्या मडगार्डचं काम चालू होतं. आई आणि लेक, दोघी दैवानं वाचल्या. शरदचंद्रांनी सगुणाबाईंना एवढंच विचारलं, की दाराला हात लावताना बांगड्या मागे सारल्या होत्या ना.

हसा, वाचकहो, खुशाल हसा. फक्त गेल्या थंडीत तुमची आई विरलेल्या गोधडीत कुडकुडत होती, तेव्हा ट्रंकेतली नवी रजई का निघाली नाही, तेवढं सांगा. ती पाहुण्यांसाठी आहे, हे मला माहीत आहे. तिच्यातल्या डांबरगोळ्या तुम्ही वेळच्या वेळी बदलता, हेही माहीत आहे.