क्लिफच्या मुरलेल्या तारा

क्लिफ बार्लोने आपल्या बास गिटारच्या तारा लग्नाआधी बसवल्या होत्या. त्यानंतर बायको बदलण्याचा विचार त्याने एकदोनदा केला असेल, तारा बदलण्याचा कधीच नाही.

तारा चपट्या गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड. नव्या असताना त्या खणखणीत बोलतात आणि मुरल्या की नुसतं 'धप्प' म्हणतात. लवकर मुराव्यात म्हणून क्लिफ वाजवायच्या आधी ग्रेव्ही घातलेल्या चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, खायचा आणि हात धुवायचा नाही. "सूर बोटांच्या तेलात असतो," हे ज्ञान तो रॉचडेल गावभर फुकट वाटत असे.

त्याच्या वाढदिवसाला विनीने, म्हणजे बायकोने, प्रेमाने घात केला. गिटार गुपचूप दुकानात नेऊन तिने महागातल्या नव्या फ्लॅटवाउंड तारा बसवून आणल्या.

"जुन्या कुठायत?" क्लिफचा चेहरा पांढराफटक पडला.

"टोमॅटोंना बांधल्या. काय मस्त उभे राहिलेत."

"अगं, त्या मुरवण्यात माझी जवानी गेली."

"हो, वासावरून कळायचं ते."

त्याच संध्याकाळी कामगार क्लबात क्लिफच्या बँडचा कार्यक्रम होता आणि बँडला दर शनिवारचं काम द्यायचं की नाही, हे क्लबचे सेक्रेटरी ठरवणार होते. क्लिफने गाडीत तारांना अख्खी चिप्सची पुडी चोळली. तारा तुपकट झाल्या, पण खणखणीतच राहिल्या. गायिका बेरिल मात्र खूश होती. "बरं झालं बाई. इतकी वर्षं वाटायचं, मागे कुणीतरी सोफा सरकवतंय."

पहिलं गाणं सुरू झालं आणि क्लिफ काय वाजवतो, ते सगळ्या हॉलला ऐकू आलं. बेरिललाही आलं. तिसऱ्या गाण्यात नाचणारी जोडपी थांबून एकमेकांकडे पाहू लागली. सेक्रेटरींनी मध्यंतरातला बिंगो, म्हणजे आकड्यांचा खेळ, जरा लवकरच सुरू केला.

"क्लिफ, तिसऱ्याला तू कुठलं गाणं वाजवत होतास?" ड्रमवाल्या आल्फने विचारलं.

"तेच की. नेहमीचं."

"नेहमी असंच वाजवतोस?"

"पहिल्यापासून."

बेरिल मटकन खाली बसली. "म्हणजे इतकी वर्षं त्या तारांनी आपली अब्रू झाकली." मग ती कार्यक्रमाला आलेल्या विनीकडे वळली. "तुझे टोमॅटो कुठायत गं?"

"हात लावायचा नाही नव्या तारांना," क्लिफ गिटार पोटाशी धरून म्हणाला. "आज पहिल्यांदा मला मी ऐकू आलो. काय वाजवतो रे मी."

त्याला आल्फने धरून ठेवलं. उन्हाळ्यातली संध्याकाळ, बाहेर अजून उजेड होता, विनीची बागही क्लबच्या मागेच. टिकल्यांचा झगा गुडघ्यापर्यंत खोचून बेरिल वाफ्यात शिरली आणि बिंगो संपायच्या आत जुन्या तारा जागेवर बसल्या. उरलेला कार्यक्रम 'धप्प धप्प' करत झकास पार पडला.

"शनिवार तुमचे," सेक्रेटरी म्हणाले. "फक्त सुरुवातीला तो बासवाला वाजवत होता, तसं परत नको."

आता दर शनिवारी बेरिल स्वतःच्या पैशांनी क्लिफला चिप्स आणते, ग्रेव्ही जास्त घालून. आडवे झालेले टोमॅटो विनीने त्या नव्या, महागातल्या तारांनी बांधले. संध्याकाळी क्लिफ वाफ्यापाशी बसतो, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघतो आणि हळूच एक तार छेडतो.