देवधरकाकांची फ्रेंच गाणी

"थांबा! हसायचं तिसऱ्या ओळीला!" असं आधी बजावून मग गाणं लावणारा माणूस मी फक्त इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे देवधरकाका. साठच्या दशकातली फ्रेंच टिंगलगाणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण! पुढारी, नवश्रीमंत, नव्या फॅशनी, कुणालाच सोडलेलं नाही त्यात.

रविवारी जरा आवाज झाला की खालच्या मजल्यावरची जर्मन आजी दारावर चिठ्ठी चिकटवते. म्हणून काका पाहुण्यांना एकेक करून हेडफोन घालतात आणि समोर उभं राहून वहीतला मराठी अर्थ वाचतात. बाकीचे बसतात गार पोह्यांकडे बघत. "गेनाऊ! बरोबर इथंच! आता हसा!" हसायला उशीर झाला की रेकॉर्डवरची सुई परत मागे. माझा नवरा तर काकांची चाहूल लागली की थेट बाथरूम गाठतो. सापडते मी! पण दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून मला नाही म्हणवत नाही.

परवा भर दुपारी काका एक रेकॉर्ड छातीशी धरून दारात उभे. "मिहिका आहे का गं?"

मिहिका माझी लेक. शाळेत फ्रेंच शिकते. मराठी समजतं, उत्तरं जर्मनमध्ये.

"अहो काका, ती काय सांगणार तुम्हाला?"

काका खुर्चीत बसले. "मला फ्रेंच येत नाही गं. एक अक्षर नाही. ही पुण्यात फ्रेंच शिकवायची. वहीतलं सगळं तिनंच लिहिलंय. या एका गाण्याचं तेवढं नाही. हे लागलं की एकटीच खुदुखुदु हसायची. विचारलं की म्हणायची, सांगेन कधीतरी. राहूनच गेलं. आणि आता कुणाला विचारायचं तर लाज वाटते."

याच माणसाच्या नकला करून मी पार्ट्यांमध्ये टाळ्या मिळवल्या होत्या.

आम्ही तिघं वर गेलो. मिहिकानं गाणं दोनदा ऐकलं आणि हसू दाबत जर्मनमध्ये सांगितलं: एक बडे साहेब आहेत. अख्खं ऑफिस त्यांना टरकून असतं. पण घरी स्वतःचे मोजे सापडत नाहीत, म्हणून बायकोच्या नावानं हाका मारत घरभर फिरतात.

काका खुर्चीतून पुढे झुकले. "म्हणजे मला हसायची होय ही?"

"तुम्हालाच हो काका!"

काका खो खो हसले, कुणी न सांगता. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "अजूनही सापडत नाहीत गं."