पान बावन्नच्या पुढे

चित्रा टिपणीस ठाण्यात कोपरीला राहतात आणि मुलांसाठी व किशोरांसाठी गोष्टी लिहितात. त्यांची अकरा पुस्तकं प्रसिद्ध आहेत. बारावं जूनपासून नवव्या प्रकरणात अडकलं आहे. याला कारण त्यांचा आळस नसून वाचनसंस्कृती आहे.

वाचनसंस्कृती जगवायची तर लेखकाला घरात बसून चालत नाही. सोमवारी कल्याणला कथाकथन स्पर्धेचं परीक्षण असतं. मंगळवारी डोंबिवलीत ‘मुलं वाचत का नाहीत?’ या विषयावर परिसंवाद असतो आणि त्याला एकही मूल नसतं. गुरुवारी हाच परिसंवाद ऑनलाइन होतो, म्हणजे त्याला माणसंही नसतात. या सगळ्यात नवव्या प्रकरणाची नायिका खाडीच्या भिंतीवर उभी होती आणि भरती चढत होती.

“अगं, निदान त्या पोरीला खाली तरी उतरव,” त्यांचे यजमान सुधीर सकाळी चहा घेताना म्हणाले. “चार महिने झाले.”

“आजच उतरवते,” चित्राताई म्हणाल्या आणि फोन वाजला.

फोन विठ्ठलवाडीच्या एका शाळेतून होता. बोलणारे विनीत सर त्या शाळेचे वाचन उपक्रम समन्वयक होते. “मॅडम, आमचा वाचन सप्ताह आहे. प्रत्यक्ष लेखक भेटीस आणणे, असं परिपत्रकात आहे. मृत लेखक चालत नाहीत, आम्ही विचारून घेतलं.”

“सर, मी सध्या लिहितेय हो.”

“ते तुम्ही नंतरही करू शकता, मॅडम. सप्ताह मात्र शनिवारी संपतोय.”

शनिवारी चित्राताई शाळेत पोचल्या. मुख्याध्यापिका सुमतीबाईंनी त्यांना नारळ दिला आणि ग्रंथालय दाखवलं. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालचं काचेचं कपाट. ते इतकं स्वच्छ होतं की चित्राताईंना त्यात आधी स्वतःचा चेहरा दिसला आणि मग स्वतःची पुस्तकं दिसली. कुलूप पितळी होतं.

“एकही पान दुमडलेलं नाही,” सुमतीबाई अभिमानाने म्हणाल्या. “पूर्वी मुलांना द्यायचो. पण काय होतं मॅडम, वाचून वाचून पुस्तकं खराब होतात.”

सभागृहात पाचशे मुलं बसली होती. आधी वाचनाची शपथ झाली, मग वाचनावरचं समूहगीत झालं, मग मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण झालं. ते विनीत सरांनी मोबाइलवरून वाचून दाखवलं. त्यानंतर मुलांनी लेखिकेला प्रश्न विचारायचे होते. मंजूर प्रश्न चार होते आणि ते चार हुशार मुलांना पाठ होते. “आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?” पहिल्याने विचारलं आणि उत्तर न ऐकता तो खाली बसला.

चौथा प्रश्न संपल्यावर मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. आठवी ब, उर्वी.

“मॅडम, ‘खंड्या हरवला’मध्ये तो खंड्या कुत्रा होडीमागे खाडीत उडी मारतो ना? त्याचं पुढे काय होतं?”

“हा प्रश्न यादीत नाही,” विनीत सर म्हणाले.

“तू वाचलंस माझं पुस्तक?” चित्राताई जवळजवळ उभ्याच राहिल्या. सहा महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“पान बावन्नपर्यंत. काच पुसायला कपाट उघडलं होतं, तेव्हा. मग मधली सुट्टी संपली.”

“मग देऊया ना हिला! सर, किल्ली?”

सुमतीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “मॅडम, तसं एकदम नाही देता येत. पुस्तकावर वयोगट बारा ते चौदा आहे. ती तेरा वर्षांची आहे हे खरं, पण बारा ते चौदा म्हणजे तेरा धरून की वगळून, याचा निर्णय झालेला नाही.”

निर्णय करण्यासाठी समिती नेमण्यात आली. समितीत बालसाहित्याचा जाणकार हवा होता, म्हणून चित्राताईंना घेण्यात आलं. पुस्तक त्यांचंच असल्यामुळे पुस्तकाविषयी बोलण्यास त्यांना मनाई करण्यात आली. पहिल्या बैठकीत त्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या बैठकीत आक्षेप मांडले गेले. नायक वडिलांशी खोटं बोलतो, याने चुकीचा संदेश जातो. कुत्रा सोसायटीच्या सेक्रेटरीला चावतो, पण कुत्र्याला इंजेक्शन दिल्याचा उल्लेख नाही. पालक प्रतिनिधींनी विचारलं, “यातून मुलाला नेमकं काय मिळणार? म्हणजे, परीक्षेच्या दृष्टीने?”

“मजा येईल,” चित्राताई मनाई विसरून म्हणाल्या.

“ती कुठल्या रकान्यात भरायची?” विनीत सरांनी मनापासून विचारलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यापुढच्या तक्त्यात मूल्य, कौशल्य आणि इतर असे तीनच रकाने होते आणि ‘इतर’मध्ये वृक्षारोपण आधीच भरलेलं होतं.

तिसऱ्या बैठकीत असं ठरलं की खंड्याने सेक्रेटरीची माफी मागितल्यास पुस्तकाचा विचार होऊ शकेल. चित्राताईंनी चहा तसाच ठेवला. बाहेर येऊन त्यांनी पिशवीतली स्वतःची प्रत काढली आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या उर्वीच्या हातात दिली.

“परत कधी देऊ?” उर्वीने विचारलं.

“देऊच नकोस. आणि पानं दुमडलीस तरी चालेल.”

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि नायिकेला भिंतीवरून खाली उतरवलं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. चार महिन्यांनी चित्राताईंना बरं वाटलं.

पुढच्या शुक्रवारी वाचन उपक्रमाचा समारोप होता आणि प्रमुख पाहुण्या अर्थातच चित्राताई होत्या. ‘सर्वोत्कृष्ट वाचक’ हा पुरस्कार ऋतुराज नावाच्या विद्यार्थ्याला जाहीर झाला. त्याने सप्ताहात दोनशे बारा पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो अपलोड केले होते. त्याचं नाव पुकारलं आणि तेवढ्यात विनीत सरांचं मागच्या रांगेकडे लक्ष गेलं.

“काय चाललंय? हो, तूच! वाचनाचा कार्यक्रम सुरू असताना वाचतेस?”

सर तरातरा मागे गेले. भूगोलाच्या वहीत लपवलेलं पुस्तक त्यांनी काढून घेतलं आणि उर्वीला उभं केलं. उर्वी रडली नाही. ती नुसती त्या पुस्तकाकडे पाहत राहिली.

“वाचनाचे महत्त्व! दहा पानी निबंध! सोमवारी टेबलावर हवा!”

चित्राताईंच्या हातात ऋतुराजचा चषक होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, साडीच्या निऱ्या सावरत त्या मंचावरून उतरल्या आणि सरांपुढे हात केला. प्रमुख पाहुण्यांनी मागितलेली वस्तू नाकारावी असं परिपत्रकात नसल्यामुळे सरांनी पुस्तक दिलं. मग चित्राताई उर्वीच्या बाकावर बसल्या, दुमडलेलं पान त्यांनी उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आधी आसपासची चार मुलं वळली. मग सगळी रांग. पुढच्या रांगा उलट्या फिरल्या, काही मुलं खाली फरशीवर येऊन बसली. खंड्या बुडतोय असं वाटलं तेव्हा एका पाचवीतल्या मुलीने “नाही ना!” म्हणून तोंडावर हात ठेवला. चषक विसरून ऋतुराज बाकावर चढला. सुमतीबाई घंटा द्यायला आल्या होत्या, त्याही खांबाला टेकून ऐकत उभ्या राहिल्या. गोष्ट संपली तेव्हा पाचशे मुलांनी एकाच वेळी श्वास सोडला.

पालकांपैकी कुणीतरी याचा व्हिडिओ काढला. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. संध्याकाळपर्यंत तो ठाण्यापासून बदलापूरपर्यंत सगळ्या ग्रुपवर पोचला.

तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही तो अर्धा पाहिलात, तुमचे डोळे भरून आले. हात जोडलेलं चित्र टाकून तुम्ही तो आणखी सात ग्रुपवर पाठवलात. मग आतल्या खोलीत डोकावलात. तुमची मुलगी पालथी पडून, पाय हलवत, कसलीशी गोष्ट वाचत होती.

“इकडे बघ जरा,” तुम्ही फोन तिच्यापुढे धरलात. “याला म्हणतात वाचन. आणि ते पुस्तक ठेव आता, सोमवारी युनिट टेस्ट आहे.”